बापाचा फर्मा

बसनं करकचून ब्रेक मारला आणि समोर उभी असलेली मुलगी थेट मास्तरांच्या अंगावर आली. तिचं कपाळ त्यांच्या हनुवटीवर आपटलं, दातांत जीभ सापडली, तोंडात रक्ताची लोखंडी चव पसरली. पण मास्तरांचं लक्ष जिभेकडे नव्हतं. पडण्याआधीचा तो एवढासा क्षण त्यांनी नीट पाहिला होता. मुलीनं वरच्या दांडीकडे हात नेला होता. हात कानापर्यंत गेला आणि तिथंच अडकला, मागून कुणीतरी कोपर धरून ठेवल्यासारखा. बोटं दांडीखाली हवेत उघडमीट झाली आणि मग ती पडली. "सॉरी हं आजोबा," ती सावरत म्हणाली, "लागलं का? या जॅकेटात मेला हातच वर जात नाही." तिच्या शेजारी तसंच राखाडी जॅकेट घातलेला एक दांडगा पोरगा उभा होता. तो म्हणाला, "मुद्दाम शिवलंय तसं. शत्रू समोर आला तरी हात वर करून शरण जाता येऊ नये म्हणून." आसपासचे लोक हसले. अलीकडे बसमध्ये कुणी हसत नसे, त्यामुळे तेवढंही हसणं मोठं वाटलं. मास्तर हसले नाहीत. ते तिच्या बाहीकडे पाहत होते. बाही मनगटाच्या चांगली वरच संपली होती. खांद्याची शिवण हाडाच्या आत ओढली गेली होती आणि काखेत कापडाच्या आडव्या चुण्या पडल्या होत्या, चिडलेल्या माणसाच्या कपाळावर पडतात तशा. आपण कापलेला मुंढा माणूस गर्दीत ओळखतो. बाही जिथं अंगाला जोडली जाते ती गोलाई म्हणजे मुंढा. तिथं कटिंग मास्तरची सही असते, बाकी सगळं शिवणाऱ्याचं. ही सही मास्तरांची होती. खरं सांगायचं तर त्यांचीही नव्हती. त्यांच्या बापाची होती.

पोरी, हे मी कापलंय, असं म्हणायला छाती लागते. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. दुकानांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, दिव्यांच्या खांबांना काळा रंग फासलेला, पाववाल्याच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत गेलेली रांग. हे सगळं त्यांना गेले काही आठवडे ओळखीचं वाटत होतं. ओळखीचं म्हणजे पाहिलेलं नव्हे, ऐकलेलं. बापाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेलं की रेडिओवर राष्ट्रीय संकट जाहीर झालं तेव्हा त्यांना वाटलं, आता या पुढचं मला पाठ आहे. पाठ कसलं डोंबलाचं. ज्याचं पाठांतर पक्कं तो कागदावर काय छापलंय ते बघतच नाही. त्या मुलीची हवेत उघडमीट झालेली बोटं त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात, आणि त्या बोटांच्या जागी हळूहळू दुसरी बोटं दिसू लागली; आखूड नखांची, टोकाशी काळवंडलेली, अंगठ्यावर भाजल्याची जुनी खूण असलेली. मास्तरांची मुलगी वीजखात्यात खांबांवर चढून तारा जोडायची. बाईमाणसाला त्या कामात काय म्हणायचं हे खात्यानं कधी ठरवलंच नव्हतं, तिच्या ओळखपत्रावर सरळ वायरमन लिहिलेलं होतं. नागरी दलानं हातात काही कसब असलेली तरुण पोरं उचलली त्यात ती होती. सरहद्दीजवळच्या गावांत तारा तुटून पडल्या होत्या, त्या जोडायच्या. आज दुपारी डेपोच्या मैदानातून त्यांचे ट्रक सुटणार होते. आणि तारा जमिनीवर नसतात. तारा डोक्याच्या वर असतात.

काल संध्याकाळी ती जॅकेट घेऊन घरी आली तेव्हा मास्तर मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसले. आपण वाट बघतोय हे दिसू नये म्हणून. पण दाराच्या फटीतून त्यांना आरसा दिसत होता आणि आरशात ती. तिनं बटणं लावली, कॉलर सारखी केली, पाठमोरी होऊन मान वळवून पाहिलं. मग उजवा हात वर नेला. हात कानापाशी थांबला. ती तशीच उभी राहिली, आरशातल्या त्या अर्ध्या हाताकडे बघत, आणि तिची नजर सरकत सरकत फटीतल्या मास्तरांवर आली. मग तिनं हात खाली घेतला, बाही झटकली आणि म्हणाली, "छान आहे बाबा." एवढंच. मास्तरांना भरून आलं होतं. त्यांना वाटलं, पोरगी हेलावली. बापानं कापलेलं, आजोबाच्या पुठ्ठ्याच्या फर्म्यावरून आखलेलं, अंगावर चढलं आणि तिला कळलं की आपण कुणाचे कोण आहोत. रात्री जेवताना ते दोन घास जास्त जेवले. बायकोनं विचारलंसुद्धा, "आज काय एवढं?" आता बसच्या खिडकीला डोकं टेकून, जिभेवरची जखम दातानं चाचपत, त्यांना तो थांबलेला हात दिसत होता. तिला कळलं होतं. तिथंच, आरशासमोर, तिला सगळं कळलं होतं, आणि तिनं बापावर दया केली होती. दया! सबंध आयुष्यात मास्तरांना कुणी इतकं मारलं नव्हतं.

मास्तरांचा बाप मागच्या संकटात तरुण होता. तेव्हा शहरात अन्न नव्हतं, कापड नव्हतं, कोळसा नव्हता; आणि अशा वेळी त्यानं दलाच्या पोरांसाठी जॅकेटं कापली. पुठ्ठा मिळेना म्हणून जुन्या पुस्तकांच्या बांधणीचे पुठ्ठे फाडून त्यानं फर्मे केले. पाठ, छाती, बाही, कॉलर. पुठ्ठ्याला भोक पाडून दोरा ओवला आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगले. संकट संपलं, पोरं परत आली, न आली, पण फर्मे खिळ्यावरून खाली उतरले नाहीत. मास्तर लहानपणी त्या भिंतीखाली झोपत. वाऱ्यानं फर्मे एकमेकांवर आपटत आणि कोरडा टकटक आवाज होई, एखादा सांगाडा चालत असल्यासारखा. बाप रोज झाडूनं त्यांच्यावरची धूळ काढायचा. देवाचं करावं तसं. आणि ताटावर बसला की पोरांकडे पाहून विचारायचा, "तुम्ही काय पाहिलंय रे?" भाजी नको म्हटलं तरी, बूट चावतो म्हटलं तरी, परीक्षा अवघड गेली म्हटलं तरी. तुम्ही काय पाहिलंय? या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण खरंच काही पाहिलेलं नव्हतं. मास्तरांच्या वाट्याला लग्नाचे सूट आले, शाळेचे गणवेश आले, बँकेतल्या साहेबांच्या सुटत चाललेल्या कमरा आल्या. सगळं आयुष्य इतर लोकांच्या पोटाला जागा करून देण्यात गेलं. मास्तरांचं लग्न ठरलं तेव्हा बापानं त्यांना एक कोट शिवून दिला, त्याच फर्म्यावरून, दोन बोटं इकडे तिकडे करून. घालून पाहिल्यावर ते म्हणाले होते, "दादा, हात वर जात नाही." बापानं तोंडातल्या टाचण्या न काढता म्हटलं होतं, "कोटात हात वर करायचाच कशाला? शरण जायचंय का?" तेव्हा दुकानातले सगळे हसले होते, आजच्या बससारखे. तोच कोट आता मास्तरांच्या अंगावर होता. किती वर्षं तो अंगावर होता आणि हात वर करायची वेळच आली नव्हती, म्हणून तो चांगला बसतो अशी त्यांची समजूत.

आणि दाजी. दाजी म्हणजे मास्तरांच्या बहिणीचे यजमान, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग नव्हता, म्हणून ते मिळेल त्याला वर्ग करत. त्यांचा एक सिद्धांत होता. वीस-वीस वर्षांच्या चार पिढ्यांचा एक फेरा. पहिली पिढी सोसते, दुसरी बांधते, तिसरी बसून खाते, चौथी विसरते की घर कशावर उभं आहे. मग तडाखा बसतो. आणि तडाखा बसतो तेव्हा जी तरुण असते ती पुन्हा पहिली होते. "संकट म्हणजे संकट नाही हो," दाजी चहाची बशी हातात तोलत म्हणत, "संकट म्हणजे फेऱ्याचा सांधा. इथं एक संपतं, दुसरं जोडलं जातं. आजची पोरं बघा तुम्ही, वर्षभरात पोलाद होतील. व्हायलाच पाहिजे. इतिहासाला दुसरा मार्ग नाही." संकट जाहीर झालं त्या संध्याकाळी ते रेडिओ ऐकायला मास्तरांकडेच होते आणि त्यांचा चेहरा, खोटं कशाला बोला, फुललेला होता. मुलगी कामावरून आलेली, हातपाय न धुता तशीच जेवायला बसलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तिसरी पिढी बसून खाते म्हणालात ना? ती तुमची?" दाजी उदारपणे म्हणाले, "आमची. कबूल." "म्हणजे खाल्लं तुम्ही आणि भांडी आम्ही घासायची. याला फेरा म्हणतात होय?" बायकोला हसू फुटलं, तिनं तोंड वळवलं. दाजी म्हणाले, "बाळ, तू हे वैयक्तिक घेतेस. मी मोठ्या हिशेबानं बोलतोय." "मोठ्या हिशेबानं मलाच जावं लागणार ना तिकडे? आणि सरहद्दीवर गोळी सुटली ती फेरा आला म्हणून सुटली नाही काका. खुर्चीवरच्या माणसांनी ठरवलं म्हणून सुटली. वर्षानुवर्षं ते ठरवत होते, आणि तुम्ही सगळे बशीत चहा ओतत होतात. आता सगळं त्या फेऱ्यावर ढकला." मास्तर तेव्हा मध्ये पडले. आणि त्यांच्या तोंडून काय निघालं? "तुम्ही काय पाहिलंय गं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही तरी काय पाहिलंय बाबा?" ती म्हणाली आणि ताट उचलून मोरीत गेली. ताट घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता. गरजेपेक्षा बराच जास्त.

त्या रात्रीची एक गोष्ट मास्तरांनी कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. ते आनंदात होते. अंगात काहीतरी उभं राहिलं होतं. लोक मरणार होते, हे त्यांना कळत होतं, ते काही राक्षस नव्हते. पण त्या कळण्याच्या खाली, तळाशी, एक पोरगेलं सुख लोळत होतं. आलं एकदाचं. मला चुकवून गेलेलं परत आलं. आता मलाही कुणीतरी जेवताना विचारेल आणि मी सांगेन. बाप परत आला होता आणि या वेळी बापाच्या जागी ते स्वतः होते. म्हातारी माणसं देशावर संकट आलं की गंभीर चेहरे करून बसतात ना, त्यांतल्या निम्म्यांच्या पोटात हेच असतं. आपलं मिळमिळीत आयुष्य कुणाच्या तरी तरण्या हाडांनी घोटून चकचकीत करून घ्यायचं. मग त्याला सांधा म्हणा, फेरा म्हणा, नियती म्हणा. मास्तर बसमधून उतरले तेव्हा हे असं नागडं त्यांच्यासमोर उभं होतं आणि त्याच्याकडे पाठ करायला रस्त्यावर कुठं जागा नव्हती.

जॅकेटांचं काम आलं तेव्हा दलाच्या कचेरीनं मापांचा तक्ता पाठवला होता. कुठल्याशा दवाखान्यांतून, शाळांतून पोरांची मापं घेऊन केलेला, लहान, मध्यम, मोठं, जास्त मोठं. मास्तरांनी तो कात्रीखाली दडपून ठेवला. कचेरीतल्या लोकांना कापडातलं काय कळतं? त्यांनी खुर्चीवर चढून खिळ्यावरचे फर्मे उतरवले, फडक्यानं पुसले, टेबलावर पसरले. सगळे कारागीर बघत होते. मेलेला बापही बघत होता. संकट तेच, मग माणसंही तीच. इतका साधा, इतका मूर्ख विचार. पण तेव्हा तो विचार वाटलाच नाही, श्रद्धा वाटली. कापडाचे थर एकावर एक लावून, खडूनं आखून, त्यांनी स्वतःच्या हातानं कापायचं मशीन चालवलं. ती जॅकेटं कुणासाठी बेतलेली होती? अर्ध्या भाकरीवर वाढलेल्या, छातीचे पिंजरे झालेल्या, खांदे आत वळलेल्या पोरांसाठी. बापानं त्यांच्या अंगावर टेप धरून मापं घेतली होती. त्याचं काम त्यानं चोख केलं होतं. त्याच्या फर्म्यात उपास होता. आणि आजची पोरं? दूध पिऊन वाढलेली, पोहलेली, उंच, रुंद. ती उंच व्हावीत म्हणूनच तर मास्तरांच्या त्या बसून खाणाऱ्या पिढीनं सगळा आटापिटा केला होता! आयुष्यात एकच गोष्ट बांधली, पोरांची हाडं, आणि कापड कापताना नेमकी तीच विसरली. वर आणखी शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडून ठेवायचं जास्तीचं कापड, ठेवला तोही बापाच्या हिशेबानं, नखाएवढा. तेव्हा कापड नव्हतं म्हणून बाप दाबात चिकटपणा करायचा. आता गठ्ठेच्या गठ्ठे पडले होते, तरी मास्तरांनी तेवढाच ठेवला, आणि वाचलेलं कापड कचेरीच्या माणसाला मिरवून दाखवलं. तो शाबास म्हणाला. म्हणजे आता उसवून सोडायचं म्हटलं तरी आत कापडच नाही.

बटणांची काजं करणाऱ्या बाईनं पहिल्याच दिवशी हटकलं होतं. ती दुकानात मास्तरांच्या बापाच्या शेवटच्या वर्षांत लागलेली, जिभेनं तिखट, सगळे तिला काजवालीच म्हणत. पहिलं जॅकेट हातात घेऊन तिनं ते दिव्यासमोर धरलं. "मास्तर, हे माणसांसाठी आहे की हँगरसाठी?" बाकीच्या बायका मशिनींवर वाकून हसल्या. मास्तर म्हणाले, "माझ्या बापानं याच फर्म्यावर एक अख्खी पिढी उभी केली." "केली असेल हो. पण कुणाला तरी घालून बघा की एकदा." "बघायची गरज नाही." तिनं दोरा दातानं तोडला. "बरं बाबा. काजं कुठं पाडू तेवढं सांगा." घालून बघायचं तरी कुणाला? घरातच होती की. पण मुलीच्या पाठीला टेप लावून मास्तरांना युग लोटलं होतं. शाळा सुटली आणि ती तयार कपडे घेऊ लागली, दुकानातले, आकडे छापलेले. मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं. कटिंग मास्तरची पोर आणि तयार कपडे! त्यानंतर त्यांनी तिला कधी म्हटलं नाही, ये, माप घेऊ दे. तिनंही कधी म्हटलं नाही. ती किती वाढली हे त्यांना माहीत नव्हतं, असं कसं म्हणता येईल? रोज समोर होती. पण डोळ्यांनी बघणं वेगळं आणि टेप धरणं वेगळं. शेवटचं माप घेतलं तेव्हा ती गुदगुल्या होतात म्हणून हात अंगाशी घट्ट धरून उभी होती, आणि ते ओरडले होते, हात वर कर. हात वर कर म्हणतो ना!

दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी काजवालीला म्हटलं, "बाई, जरा हे घाला." शिल्लक पडलेलं एक जॅकेट पुढं केलं. तिनं काही न विचारता घातलं. "हात वर करा." हात थांबला. तिनं जोर लावला, तसा पाठीत कर्र आवाज झाला. "हं," ती म्हणाली, "आज सुचलं का घालून बघायला?" मास्तर खुर्चीवर बसले. तोंडातलं रक्त थांबलं होतं तरी चव होती. "पोरगी जायचीय दुपारी. हेच घालून. खांबावर." काजवालीचा चेहरा उतरला. तिनं जॅकेट काढलं, उलटं केलं, काखेतली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली. "दाबात तर काहीच ठेवलं नाही तुम्ही." "नाही." "मग ठिगळ. काखेत चौकोनी तुकडा घाला. दिसायला वाईट दिसेल." "दिसू दे." मास्तर उठले. वाचवलेल्या, मिरवलेल्या त्या गठ्ठ्याचं तोंड त्यांनी सोडलं आणि चौकोन कापायला लागले. फर्म्याशिवाय, नुसत्या नजरेनं. एक जोडी मुलीसाठी, मग तिच्या तुकडीतल्या बाकीच्यांसाठी, मग कात्री थांबेचना. किती जॅकेटं गेली होती बाहेर, त्यांना सगळ्यांना कुठून पुरणार? काजवालीनं तोवर सुया ओवल्या, लांब लांब दोरे ठेवून, आणि एकेक सुई मास्तरांच्या कोटाच्या कॉलरखाली टोचून दिली. राखाडी दोरे छातीवर लोंबू लागले. "तिथं घाईत डोळ्यांना दिसायचं नाही, म्हणून आत्ताच ओवल्या," ती म्हणाली. मग शेवटची सुई टोचता टोचता, "मास्तर, तेव्हा बोलले म्हणून राग धरू नका." राग? मास्तरांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी फक्त तुकड्यांची पिशवी उचलली.

डेपोच्या मैदानात थंड वारा होता आणि डिझेलचा धूर. ट्रकांच्या रांगेपुढं पोरं, पोरांभोवती आईबाप, सगळीकडे राखाडी पाठी. मास्तर त्या पाठींमधून वाट काढत होते आणि प्रत्येक पाठ त्यांना काहीतरी विचारत होती. बायको आधीच आलेली होती. तिच्याजवळ दाजी, गळ्याला मफलर, हातात थर्मास. "या या," दाजी म्हणाले, "बघा हे दृश्य. मी सांगत होतो ना? आपण सांध्यावर उभे आहोत, सांध्यावर." त्यांचा आवाज मात्र फाटला होता. मास्तरांनी प्रथमच पाहिलं की दाजी म्हातारे झालेत, आणि घाबरलेत; सिद्धांत हा त्यांनी अंगावर ओढून घेतलेला एक मफलर आहे. "कुठं आहे ती?" मास्तरांनी विचारलं. बायकोनं हनुवटीनं दाखवलं. मुलगी ट्रकच्या फळीवर बसून वायरचं वेटोळं आवळत होती. मास्तर तिच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि पिशवी उघडली. "जॅकेट काढ. लगेच लावतो. काखेत तुकडा घालतो, मोकळं होईल. तुझ्या पोरांनाही सांग, सगळ्यांचं आणलंय." तिनं वेटोळं खाली ठेवलं आणि दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले. सरळ, कोपरात न वाकवता, आळस द्यावा तसे. काखेतली शिवण पार फाडलेली होती आणि आतून तिच्या जुन्या स्वेटरचा तांबडा रंग बाहेर आला होता. मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचंच. कुणाच्या काखेतून पिवळं, कुणाच्या निळं, कुणाचा नुसता बनियन. एक पोरगा तर ब्लेड घेऊन दुसऱ्याची बाही फाडत होता आणि दुसरा ओरडत होता, "अरे कापड काप, मला कापू नकोस!"

"कधी केलंस?"

"रात्रीच. तुम्ही झोपल्यावर."

"ब्लेड कुठून आणलंस?"

"आईनं दिलं. तुमच्याच पेटीतलं."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही.

"काल का बोलली नाहीस?" त्यांनी मुलीला विचारलं. आवाज त्यांच्या मनात होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"काय बोलणार होते बाबा?" ती म्हणाली. चिडून नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही इतके खूश दिसत होतात. मी तुम्हाला एवढं खूश कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या नोकरीच्या वेळीसुद्धा नाही."

मास्तरांना खूप काही सांगायचं होतं. की फर्मा चुकला. की बाप चुकला नव्हता, मी चुकलो. की तू कुणी परत आलेली नाहीस, तू पहिल्यांदाच आली आहेस, आणि हे मला बसमध्ये कळलं. की सांधाबिंधा काही नसतो, असलाच तर तो तुझ्या काखेत आहे आणि तोही तूच फाडून मोकळा केलास. पण हे बोलायला जी भाषा लागते ती बापानं त्यांना दिली नव्हती आणि त्यांनी स्वतः कधी शिवून घेतली नव्हती. ते म्हणाले, "वारा शिरेल."

"शिरू दे. खांबावर तसाही शिरतोच."

"तरी ठेव. तिथं गेल्यावर लाव."

तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. तिनं पिशवी घेतली. त्यांच्या कॉलरखालची एक सुई काढून आपल्या खिशाच्या पट्टीला टोचली आणि दोरा भोवती गुंडाळला. "छान आहेत तुकडे," ती म्हणाली. कालच्यासारखंच, त्याच आवाजात. दुसऱ्यांदा तीच दया, आणि या वेळी मास्तर ती डोळे उघडे ठेवून घेत होते. मग कुणीतरी शिट्टी फुंकली. आईला मिठी मारून, दाजींचा चहा उभ्या उभ्या घटाघट पिऊन, "काका, फेरा फिरवून येते हं," असं म्हणून त्यांना रडवून, ती ट्रकवर चढली. चढताना तिनं वरचा लोखंडी बार पकडला. हात थेट वर गेला आणि बारावर घट्ट बसला. मास्तरांनी तो हात पोटभर पाहिला.

ट्रक हलले. मागच्या फळीपाशी दाटी करून उभ्या राहिलेल्या पोरांनी एकदम हात वर केले, तांबडे, पिवळे, निळे, फाटलेल्या काखांचे हात. मैदानातले सगळे आईबाप हात हलवू लागले. मुलगी गर्दीत मास्तरांना शोधत होती. सापडले तसा तिनं हात आणखी उंच केला. मास्तरांनीही केला. हात कानापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. त्यांनी जोर लावला. कोटाच्या पाठीनं दाद दिली नाही. बापाची शिवण, पक्की. छातीवरचे दोरे नुसते हलले. लांबून तिला वाटलं असेल, बाबा कान खाजवताहेत. "अहो, हात करा की तिला," बायको म्हणाली. मास्तर घाईघाईनं कोटाची बटणं काढू लागले. बोटं थंडीनं ताठली होती, काजं आवळ होती. एक बटण, दुसरं, सुई कुठंतरी बोटात घुसली. डावी बाही कशीबशी निघाली. उजवी मुंढ्यात अडकून बसली, आणि ते ती ओढत असतानाच ट्रक कोपऱ्यावर वळला.